टीव्हीचा डबा घेताय? आधी हे विचारा

कांद्याची पट्टी हातात पडली, की चाकणच्या बाजारातून रिकाम्या हाताने घरी जाणारा शेतकरी विरळाच. कुणी घरच्यांसाठी साडी घेतो, कुणी नातवंडांना खाऊ. अलीकडे या यादीत आणखी एक वस्तू येऊन बसली आहे. टीव्हीच्या पाठीमागे खोचायची बोटाएवढी स्टिक, नाहीतर तळहातावर मावणारा काळा डबा. विचारायला गेलात की एखादा विक्रेता आवाज उतरवून म्हणतो, ‘‘काका, तो कंपनीचा राहू द्या, हा घ्या. एकदाच पैसे. मग सगळे चॅनेल, सगळे पिक्चर, सगळं क्रिकेट, आयुष्यभर फुकट!’’

वाचकहो, या एका वाक्यात दोन प्रश्न दडले आहेत. आपल्या घराला कोणता डबा सोयीचा, हा पहिला. आणि हे जे फुकट आहे ते खरोखर फुकट आहे की कुणाच्या तरी घरातून उचलून आणलेले, हा दुसरा. पहिल्यात चूक झाली तर हजार-दोन हजार पाण्यात जातात. दुसऱ्यात झाली तर प्रसंगी पोलीस ठाण्याची पायरी चढावी लागते. आपल्या भागात तर खोल्या भाड्याने देणारे आणि मंडळे चालवणारे यांच्यावर ही पाळी यायची शक्यता जास्त. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

डब्याकडे वळण्याआधी घरातल्या टीव्हीची पाठ बघा. चपटी, रुंद, एचडीएमआय लिहिलेली खाच आहे का? असेल तर कोणतीही स्टिक चालेल. नुसत्या लाल-पांढऱ्या-पिवळ्या गोल पिना असतील तर टीव्ही जुना आहे. मध्ये एक जोडणी लागेल आणि चित्र काही फार चांगले येणार नाही. टीव्ही मुळातच ‘स्मार्ट’ असेल तर वेगळ्या डब्याची गरजच नाही. नवा स्मार्ट टीव्ही असूनही वर आणखी स्टिक घेणारे लोक आहेत, त्यांना काय म्हणावे! टीव्हीला पाच-सात वर्षे झाली आणि त्यातली ॲप चालेनाशी झाली, तेव्हा मात्र स्टिक हा स्वस्त उपाय. ॲमेझॉनची फायर स्टिक आपल्याकडे २०१७ च्या एप्रिलात आली. त्यानंतर शाओमीसारख्या कंपन्यांच्या स्टिक आल्या, एअरटेल आणि जिओ यांचे नेटच्या जोडणीबरोबर मिळणारे डबे आले. काम सगळ्यांचे एकच: नेटवरून आलेले चित्र टीव्हीवर दाखवायचे. स्टिकला वीज मात्र टीव्हीच्या खाचेतून देऊ नका. सोबत आलेल्या चार्जरनेच द्या, नाहीतर ती अधूनमधून बंद पडते आणि दोष कंपनीला जातो.

खरी अडचण डब्याची नसते, नेटची असते. नेटफ्लिक्स कंपनीचा स्वतःचा हिशेब असा, की साधे चित्र पाहिले तर तासाला १ जीबीपर्यंत खर्च होतो, एचडी पाहिले तर ३ जीबीपर्यंत आणि फोर-के पाहिले तर ७ जीबीपर्यंत. आता मोबाईलचा रोजचा दीड जीबीचा पॅक घ्या. एचडी चित्र अर्ध्या तासात तो खाऊन टाकेल. दोन तासांचा पिक्चर म्हणजे सहा जीबी. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर टीव्ही चालवू, असे मनात असेल तर हे गणित आधी पाटीवर मांडा. मोशी-चिखलीसारख्या ठिकाणी घरोघर फायबर आली आहे, तिथे प्रश्न नाही. खेडच्या पश्चिमेला, डोंगराच्या कडेला, अजून तसे सगळीकडे नाही. ग्रामपंचायतीपर्यंत तार आणायची केंद्राची योजना २०११ च्या ऑक्टोबरात मंजूर झाली, २०१५ पासून तिला भारतनेट म्हणतात. पण पंचायतीच्या कचेरीत तार आली म्हणजे ती आपल्या ओसरीवर आली असे होत नाही, हे सरपंचांना वेगळे सांगायला नको. घरात तार असेल तर स्टिक घ्या. नसेल तर पुढे वाचा.

कारण फुकट आणि पूर्णपणे कायदेशीर अशी एक सोय आपल्या छपरावर केव्हाचीच बसू शकते. दूरदर्शनची फ्री डिश. १६ डिसेंबर २००४ ला ती ‘डीडी डायरेक्ट प्लस’ या नावाने सुरू झाली. छत्री आणि डबा मिळून दीड-दोन हजारांच्या आसपास एकदाच खर्च, त्यानंतर महिन्याचा एक पैसा नाही. नेट लागत नाही, रिचार्ज लागत नाही. सह्याद्री तर आहेच, इतरही वाहिन्या आहेत. खासगी वाहिन्या तिथली जागा लिलावात घेतात, त्यामुळे काही येतात, काही जातात. २०२२ च्या एप्रिलात काही मोठ्या हिंदी मनोरंजन वाहिन्या तिथून निघून गेल्या, तेव्हा गावोगाव ‘डबा बिघडला’ म्हणून तक्रारी. बिघडले काहीच नव्हते. घेताना डबा एमपेग-४ प्रकारचा मागा, जुन्या प्रकारच्या डब्यावर सगळ्या वाहिन्या दिसत नाहीत.

आणि क्रिकेट? त्याला संसदेचा कायदाच आहे. २००७ च्या कायद्यानुसार राष्ट्रीय महत्त्वाचे ठरवलेले सामने ज्या खासगी वाहिनीकडे असतील तिने ते प्रसार भारतीला द्यावेच लागतात. भारताचे अनेक सामने दूरदर्शनवर दिसतात ते या जोरावर. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ च्या ऑगस्टमध्ये त्यावर मर्यादा घातली: हे चित्र दूरदर्शनने आपल्या मनोऱ्यावरून आणि फ्री डिशवरून दाखवावे, खासगी केबल आणि डीटीएचवाल्यांनी त्यावर डल्ला मारू नये. म्हणजे शेजारच्या केबलवर दूरदर्शन लावले तर सामन्याच्या जागी दुसरेच काही दिसते आणि फ्री डिशवर सामना चालू असतो, त्याचे कारण हे. आयपीएल या सवलतीत धरू नका.

नेट असेल त्यांच्यासाठीही चोख मार्गाने फुकट मिळणारे पुष्कळ आहे. प्रसार भारतीचे ‘वेव्हज्’ हे ॲप २०२४ च्या नोव्हेंबरात गोव्याच्या चित्रपट महोत्सवात सुरू झाले. यूट्यूबवर निर्मात्यांनी आणि वाहिन्यांनी स्वतः टाकलेले मराठी चित्रपट, नाटके, मालिका आहेत. जाहिराती बघायच्या, पैसे नाहीत. २०२३ चे आयपीएल तर जिओसिनेमावर सगळ्यांना मोफत होते, कारण हक्क विकत घेणाऱ्या कंपनीनेच ते मोफत ठेवले होते. २०२५ च्या फेब्रुवारीत हॉटस्टारशी विलीनीकरण होऊन जिओहॉटस्टार झाले आणि हिशेब बदलला. सांगायचे ते एवढेच, की फुकट म्हणजे चोरीचे असे मुळीच नाही. ज्याचा माल आहे त्याने फुकट दिला तर तो खुशाल घ्यावा. दुसऱ्याच्या शेतातला ऊस तिसऱ्याने फुकट वाटला, तर मात्र प्रश्न येतो.

तो ‘सगळे फुकट’ वाला डबा नेमके हेच करतो. त्यात आधीच काही ॲप भरून ठेवलेली असतात. ती तुम्हाला एखाद्या अनोळखी सर्व्हरशी जोडतात. तिथे पैसे भरून घेतलेल्या वाहिन्यांचे चित्र पुढे ढकललेले असते, नव्या चित्रपटांच्या चोरट्या प्रती असतात. काही ठिकाणी वर्षाला ठरावीक रक्कम घेऊन व्हॉट्सॲपवरून ‘लिंक’ देतात. पैसे दिले म्हणून ते कायदेशीर होत नाही, हे ध्यानात घ्या. पैसे मालकाला गेलेले नसतात. डबा, स्टिक, त्यातली चित्र चालवणारी प्रणाली यांत स्वतःत बेकायदा काही नाही. बेकायदा आहे ते त्यात भरलेले.

दुसरी गोष्ट जास्त घाबरवणारी आहे आणि ती दुकानात कुणी सांगत नाही. बिननावाच्या अशा अँड्रॉइड डब्यांत कारखान्यातूनच घातक सॉफ्टवेअर भरून येत असल्याचे उघडकीला आले आहे. जर्मनीच्या सरकारी सायबर सुरक्षा कार्यालयाने २०२४ च्या डिसेंबरात अशी सुमारे ३० हजार उपकरणे त्यांच्या चालकांपासून तोडली. २०२५ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या एफबीआयने ‘बॅडबॉक्स २.०’ या नावाने लोकांना जाहीर इशारा दिला, आणि पुढच्याच महिन्यात गूगलने न्यूयॉर्कच्या न्यायालयात दावा लावला. त्यात बाधित उपकरणांचा आकडा १ कोटीहून जास्त सांगितला होता. हे सॉफ्टवेअर करते काय? तुमच्या घरची नेटची लाईन तुम्हाला न विचारता तिऱ्हाइताला वापरायला देते. तो तिथे बसून फसवणूक करतो आणि माग काढत आलेल्याला पत्ता सापडतो तुमचा. बँकेचे, पीक विम्याचे, सातबाऱ्याचे काम ज्या मोबाईलवर होते, तो त्याच वायफायवर असतो. हजार रुपये वाचवायला एवढे दार उघडे टाकायचे का, तुम्हीच ठरवा.

ओळखायचे कसे? सेट टॉप बॉक्सला भारतीय मानक ब्युरोची नोंदणी २०१२ च्या आदेशापासून सक्तीची आहे. डब्यावर किंवा खोक्यावर ब्युरोची खूण आणि इंग्रजी ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. ब्युरोचे ‘बीआयएस केअर’ ॲप मोबाईलवर घेऊन तो क्रमांक तिथे टाकला की कंपनीचे नाव येते. नाव जुळले नाही तर डबा परत करा. गूगलच्या प्ले स्टोअरऐवजी कुठल्या तरी भलत्याच दुकानातून ॲप घ्यायला सांगितले, ‘आधी सुरक्षा बंद करा’ म्हटले, तर उठून चालू लागा. शिवाय प्रमाणित नसलेल्या डब्यावर नामांकित ॲप एकतर चालत नाहीत किंवा धुरकट दिसतात. म्हणजे उद्या पैसे भरून नीट बघायचे ठरवलेत तरी तो डबा कामाचा नाही.

आता कायद्याचे. ‘‘घरात बसून बघितलं तर पकडतात का हो?’’ हा प्रश्न पहिला येतो. याचे उत्तर मुंबई उच्च न्यायालयात २०१६ च्या ऑगस्टमध्ये मिळाले. ‘ढिशूम’ चित्रपटाच्या चोरट्या प्रती दाखवणारी संकेतस्थळे बंद करायचा तो दावा होता, बीएसएनएल त्यात प्रतिवादी. बंद केलेल्या पानावर ‘पाहणे, उतरवून घेणे हाही गुन्हा’ असा मजकूर झळकत होता. न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी स्पष्ट केले, की गुन्हा नुसत्या पाहण्यात नाही. विनापरवाना वाटणे, लोकांना दाखवणे, विकणे, भाड्याने देणे यात तो आहे. पण यावरून मोकळे झालो असे समजू नका. पुढे पाठवलेत, पेनड्राइव्हमध्ये भरून दिलेत, लिंक विकलीत, की तुम्ही पाहणारे राहत नाही. युरोपच्या न्यायालयाने तर २०१७ च्या एप्रिलात, नेदरलँड्समधल्या एका डबेविक्याच्या प्रकरणात, असे भरलेले डबे विकणे म्हणजेच जनतेला चित्रपट दाखवणे, असे ठरवून टाकले. पाहणाऱ्यालाही तिथे सूट मिळाली नाही.

आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्याच्या कलम ६३ प्रमाणे जाणूनबुजून हक्कभंग करणाऱ्याला, आणि त्याला साहाय्य करणाऱ्यालाही, सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. धंद्यासाठी केलेले नसेल तर न्यायालय शिक्षा कमी करू शकते. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२२ ला सांगितले. म्हणजे पोलीस वॉरंटाशिवाय अटक करू शकतात. २०२३ मध्ये सिनेमॅटोग्राफ कायद्यात दुरुस्ती झाली. चित्रपटगृहात चोरून चित्रण करणे किंवा तशी प्रत लोकांना दाखवणे यासाठी तीन महिने ते तीन वर्षे कैद, आणि दंड किमान ३ लाख रुपये, वर जाऊन चित्रपटाच्या निर्मितीखर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत. आणि महाराष्ट्रात आणखी एक आहे. झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले यांना स्थानबद्ध करण्याचा १९८१ चा जो एमपीडीए कायदा, त्यात २००९ मध्ये व्हिडिओ चोरांचाही समावेश झाला. हातभट्टीवाल्याच्या पंक्तीला पिक्चरवाला बसला आहे, तो गमतीने नव्हे.

कारवाया होतात का? होतात. आयपीएल २०२३ चे सामने विनापरवाना दाखवल्याच्या आरोपावरून, हक्क असलेल्या व्हायाकॉम१८ च्या तक्रारीनंतर, महाराष्ट्र सायबरने फेअरप्ले या सट्ट्याच्या ॲपवर गुन्हा नोंदवला. फुकट सामना दाखवणाऱ्याच्या पोटात सट्टा होता, हे लक्षात घ्या. फुकटच्या दाराशी उभ्या पोरासोरांना आत कुठे ओढायचे, हे त्यांचे ठरलेले असते.

तोटा कुणाचा, मुंबईच्या श्रीमंत निर्मात्यांचाच ना, असे कुणी म्हणेल. २०१६ च्या २९ एप्रिलला ‘सैराट’ लागला. करमाळ्याच्या परिसरातली गोष्ट, नवी पोरे, दिग्दर्शक गावकुसाबाहेरून आलेला. थोड्याच दिवसांत त्याची चोरटी प्रत मोबाईलवरून मोबाईलवर फिरू लागली. तो चित्रपट इतका चालला की हा मार त्याने पचवला. बाकीच्या मराठी चित्रपटांचे तसे नाही. त्यांना पहिल्या दोन आठवड्यांतच जे काय मिळते ते मिळते, आणि त्याच दोन आठवड्यांत चोर येतो.

आता आपल्या भागाचा खास विषय. बजाजचा कारखाना १९९९ मध्ये चाकणला आला, २००९ मध्ये फोक्सवॅगन आणि मर्सिडीज आले, त्यांच्या मागे सुटे भाग करणाऱ्यांची रांग. महाळुंगे, निघोजे, कुरुळी, खराबवाडी, नाणेकरवाडी या गावांत जमीन गेली आणि उरलेल्या गुंठ्यांवर खोल्या उभ्या राहिल्या. मराठवाडा, विदर्भ, बिहार, उत्तर प्रदेश इथून आलेला कामगार त्यात राहतो. खोली लवकर भरावी म्हणून मालक सांगतो, ‘टीव्ही फुकट’. आणि करतो काय, तर स्वतःच्या घरातल्या एका जोडणीला फाटे काढून दहा-वीस खोल्यांत तार नेतो. नाहीतर एकच तो भरलेला डबा सगळ्यांना.

मालक मंडळींनो, इथे सावध व्हा. एकाहून अधिक घरांना, हॉटेल वा होस्टेलच्या राहण्याच्या खोल्यांनासुद्धा, उपग्रहाने किंवा केबलने एकाच वेळी दाखवणे म्हणजे जनतेला दाखवणे, असे कॉपीराइट कायद्याच्या व्याख्येतच लिहिले आहे. घरगुती जोडणीचा करार एका घरापुरता असतो. तुम्ही ‘भाड्यात टीव्ही’ असे सांगून खोली दिलीत, तर ‘मी धंदा करत नाही’ हे म्हणणे टिकणे अवघड. ढाबा, खानावळ, सलून यांचेही तेच: डीटीएच आणि केबलमध्ये व्यापारी ग्राहक हा प्रकार वेगळा आहे, त्याचा दर वेगळा. भाडेकरूंच्या नोंदी पोलिसांत देताना जेवढी काळजी घेता, तेवढी इथेही घ्या. हा सगळा पट्टा २०१८ च्या १५ ऑगस्टपासून पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयाकडे आहे.

यावर तोड सोपी आहे. गच्चीवर फ्री डिशची छत्री लावा. एका छत्रीवर दोन किंवा चार तोंडांचा एलएनबी बसतो, प्रत्येक तोंडाला एका खोलीचा स्वतंत्र डबा. डबा भाडेकरूचा, चित्र सरकारने फुकट दिलेले, मालकाच्या अंगाला काही लागत नाही. मोठ्या चाळीला दोन-तीन छत्र्या लागतील, इतकेच. वायफाय द्यायचेच असेल तर कुठल्या खोलीला कोणता पासवर्ड दिला याची वही ठेवा.

गावकारभाऱ्यांसाठी आणखी थोडे. नव्वदच्या आसपास गणपतीत व्हिडिओ आणि टीव्ही भाड्याने आणून रात्रभर तीन-तीन पिक्चर दाखवायची पद्धत होती. चादर टाकून मैदानात बसलेली ती गर्दी ज्यांनी पाहिली त्यांना आठवत असेल. आता प्रोजेक्टर आणि पांढरा पडदा आला, आणि पिक्चर कुठून, तर कुणाच्या तरी पेनड्राइव्हमधून. यात्रा समितीचा कार्यक्रम, पंचायतीचा पडदा, पंचायतीची वीज, आणि अध्यक्ष म्हणून सरपंचांचे नाव फलकावर. तक्रार झाली तर नाव शोधत फिरावे लागत नाही. ‘धार्मिक कार्यक्रमाला सूट आहे’ असे सांगणारे भेटतील. सूट आहे, ती अशी: खऱ्याखुऱ्या धार्मिक समारंभात, तसेच सरकार किंवा स्थानिक संस्थेच्या अधिकृत समारंभात, गाणी, संगीत, नाटक, ध्वनिमुद्रण यांना. लग्नाची वरात, हळद यांचाही त्यात समावेश. पण त्या कलमात चित्रपटाचे नाव नाही. पडद्यावर पिक्चर दाखवायचा तर निर्मात्याची किंवा वितरकाची लेखी परवानगी घ्या आणि ती पंचायतीच्या दप्तरी लावा.

तेवढी धावपळ नको असेल तर जुन्या चित्रपटांकडे वळा. आपल्याकडे चित्रपटाचा हक्क तो प्रदर्शित झाल्याच्या पुढच्या वर्षारंभापासून ६० वर्षे टिकतो. प्रभात कंपनीचा ‘संत तुकाराम’ १९३६ चा. दामले-फत्तेलाल यांचे दिग्दर्शन, विष्णुपंत पागनीस तुकोबांच्या भूमिकेत, १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरव झालेला. त्याचा चित्रपटहक्क केव्हाच संपला. गाण्यांचे हक्क वेगळे असू शकतात, तेवढी चौकशी करावी. पण देहू-आळंदीच्या वाटेवरच्या गावांना बीजेच्या आदल्या रात्री पडद्यावर दाखवायला याहून चांगला चित्रपट मला तरी सुचत नाही. आणि पोरे कंटाळतील ही भीती नको. तुकोबांच्या संसाराचे ते घर त्यांना आपल्या आजीच्या घरासारखेच वाटेल.

भरलेला डबा घेऊन झालाच असेल तर काय करावे? त्यावर बँकेचे किंवा गूगलचे खाते उघडले असेल तर दुसऱ्या उपकरणावरून आधी पासवर्ड बदला. डब्याचे नेट तोडा. कारखान्यातूनच बिघाड भरून आला असेल तर नुसते रिसेट मारून तो जात नाही, म्हणून तो पुन्हा जोडू नका. दुकानदाराकडून पक्के बिल घेतले असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. पैशांची फसवणूक झाली असेल तर त्याच घटकेला १९३० ला फोन लावा. रक्कम पुढे सरकण्याआधी थांबवायची संधी पहिल्या काही तासांतच असते. फोन करताना व्यवहाराचा क्रमांक, बँकेचा संदेश आणि डब्याचे बिल हाताशी असू द्या.